डॅक घेण्याआधी स्पीकर शोकेसमधून बाहेर काढा

प्रश्न : मी सांगलीत राहते. शाळेतून निवृत्त झाले आहे. बरीच वर्षे गाणे शिकले, घरात मिरजेचा तानपुरा आहे. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे सर्वांत जास्त ऐकते. दिवाणखान्यात १५ वर्षांपूर्वीचा स्टिरिओ अँप्लिफायर, त्याच सुमाराचा सीडी प्लेअर आणि दोन छोटे स्पीकर आहेत. स्पीकर शोकेसच्या खणात बसवले आहेत. सीडी लावली की गाणे कोंदट वाटते, तानपुरा नुसता घुमतो. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून अँप्लिफायरला जोडली आहे, तर मागे सतत घरघर येते आणि आवाज इतका बारीक की व्हॉल्यूम पार वर न्यावा लागतो. नव्या टीव्हीचा आवाज अँप्लिफायरला जोडायला वायरच नाही. भाचा म्हणतो, "मावशी, ४० हजारांचा चांगला डॅक घे, तानपुऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू येईल." दुकानदारानेही तेच सांगितले. ५० हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. घेऊ का?

उत्तर : ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि भाच्याने तिन्हींवर एकच औषध लिहून दिले आहे : डॅक, म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, आकड्यांतले गाणे अँप्लिफायरला चालेल अशा रूपात आणणारे उपकरण. लॅपटॉपची घरघर आणि टीव्हीची जोडणी, या दोन्हींसाठी डॅकचा उपयोग होईल, पण त्याला ४० हजार लागत नाहीत. सीडीच्या कोंदटपणावर मात्र डॅकचा काहीच परिणाम होणार नाही. पत्राचा सूर पाहता तुम्हाला सलते आहे ते हेच दुखणे. तेव्हा ४० हजारांचा डॅक घेऊ नका.

असे का म्हणतो, ते नीट सांगतो, म्हणजे भाच्यालाही वाचून दाखवता येईल.

सीडीवर किंवा फाईलमध्ये गाणे आकड्यांच्या रूपात असते. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा, प्रत्येक वेळी १६ बिटांत, दोन्ही चॅनेलचे वेगवेगळे आकडे. त्या आकड्यांपासून अँप्लिफायरला चालेल असे विजेचे कमी-जास्त होणारे व्होल्टेज तयार करायचे, एवढेच डॅकचे काम. तुमच्या सीडी प्लेअरमध्ये डॅक आहे, लॅपटॉपमध्ये आहे, टीव्हीत आहे, मोबाईलमध्ये आहे. तेव्हा प्रश्न "डॅक घ्यावा का" असा नाहीच. आत आहे तो डॅक काही चुकतो आहे का, आणि चुकत असेल तर ती चूक तुमच्या खोलीत, तुमच्या कानाला ऐकू येते का, एवढेच पाहायचे.

एके काळी तो खरोखरच चुकत असे. पहिला सीडी प्लेअर, सोनीचा सीडीपी-१०१, १९८२ मध्ये जपानात विक्रीला आला. त्यात दोन्ही चॅनेलना मिळून एकच कन्व्हर्टर होता, तो आळीपाळीने डावे-उजवे करायचा. फिलिप्सच्या सुरुवातीच्या प्लेअरमध्ये कन्व्हर्टर १६ नव्हे, १४ बिटांचा होता. बाकीची कसर ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे मूळ आकड्यांच्या मध्ये हिशेबाने जादा आकडे घालून, भरून काढली जाई. वेगळ्या पेटीतला डॅक विकत घेण्याची पद्धत ८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, तेव्हा त्यामागे खरे कारण होते. पुढे चिप सुधारत गेल्या, स्वस्तही झाल्या. १५ वर्षांपूर्वीच्या बऱ्यापैकी सीडी प्लेअरमधला कन्व्हर्टर ऐकू येईल इतकी गडबड करत नाही. प्लेअर जुना झाला की लेन्स खराब होते, ट्रे अडकतो, सीडी अडखळते. त्याने गाणे कोंदट होत नाही.

मग कोंदटपणा येतो कुठून? आज संध्याकाळी एवढेच करा. अँप्लिफायरला पुढे हेडफोनचे सॉकेट असेल. बऱ्यापैकी हेडफोन त्यात लावा आणि जी सीडी कोंदट वाटते तीच ऐका. सीडी प्लेअर तोच, त्यातला डॅक तोच, अँप्लिफायरही तोच. हेडफोनमध्ये तानपुरा मोकळा ऐकू आला, तर दोष स्पीकर आणि खोली यांचा. माझी खात्री आहे की तसेच होईल, कारण तुम्ही स्पीकर शोकेसच्या खणात ठेवले आहेत.

खणाला पाठ असते, दोन बाजू असतात, वर-खाली फळी असते आणि मागे भिंत. खालचे सूर स्पीकरमधून चहूबाजूंनी पसरतात. ते या पृष्ठभागांवरून परत येतात, मूळ आवाजात मिसळतात आणि फुगतात. त्यात खणाची पोकळी स्वतः घुमते आणि प्लायवूडची फळी थरथरते ती वेगळीच. आता तानपुऱ्याचा विचार करा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९च्या जवळ. तबल्याच्या जोडीतल्या बायाँची घुमकही याच्याच शेजारपाजारची. नेमका हाच पट्टा तुमच्या शोकेसमध्ये फुगतो. तुम्हाला आणि भाच्याला जे "तार न् तार वेगळी" हवे आहे ते मात्र जवारीत असते, म्हणजे हजार-दोन हजार हर्ट्झपासून वर जाणाऱ्या बारीक स्वरांशांत. खर्ज फुगला की तो या नाजूक भागाला झाकून टाकतो. डॅक आणखी महागाचा घेतला तरी खणातून बाहेर पडताना हेच होणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसे हे होईल.

तेव्हा स्पीकर बाहेर काढा. आधी पैसे न खर्चता, दोन स्टुलांवर ठेवा. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, कोपऱ्यापासून लांब, एकमेकांत सहा ते आठ फूट अंतर, आणि तोंडे किंचित तुमच्याकडे वळवलेली. तुम्ही बसता ती जागा दोन्हींपासून सारख्या अंतरावर हवी. वरचा छोटा गोल, म्हणजे ट्वीटर, तुमच्या कानाच्या उंचीला आला पाहिजे. इथे एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. बाजारातले स्टँड सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी बनवलेले असतात. तुम्ही सतरंजीवर मांडी घालून ऐकत असाल, तर कान जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतो. खुर्चीत बसल्यावर तो साडेतीन फुटांवर जातो. म्हणून आधी बसण्याची जागा ठरवा, कोणाला तरी टेपने कानाची उंची मोजायला सांगा आणि मग फॅब्रिकेशनवाल्याकडून त्या मापाचे लोखंडी स्टँड करून घ्या. पायांत वाळू भरता येईल अशी पोकळ चौकोनी नळी वापरायला सांगा. स्पीकर आणि स्टँड यांच्यामध्ये रबराचे चार तुकडे ठेवा.

उघड्या फरशीवर, स्पीकर आणि तुम्ही यांच्या मधोमध, जाडसर सतरंजी किंवा गालिचा पसरा. समोर मोठी काच असेल तर जाड पडदा ओढा. टाळी वाजवून पाहा. टाळीमागून टण्ण असा चटका येत असेल तर खोलीत मऊ सामान कमी आहे. पुस्तकांचे भरलेले कपाट फार उपयोगी पडते, आणि शिक्षिकेच्या घरात ते असणारच.

हे झाल्यावर तुमच्याजवळ एक कसोटी आहे जी हजारो रुपयांची उपकरणे घेणाऱ्या अनेकांजवळ नसते. घरातला तानपुरा काढा, जुळवा आणि त्याच खोलीत, स्पीकर जिथे आहेत तिथे बसून कोणाला तरी तो छेडायला सांगा. तुम्ही नेहमीच्या जागी बसा. जवारीचा दोरा किंचित सरकवला की आवाज कसा उघडतो आणि कसा मिटतो, हे तुमचा कान वर्षानुवर्षे ऐकत आला आहे. मग सीडी लावा. रेकॉर्डिंगमधला तानपुरा वेगळा असणार, मायक्रोफोन वेगळा असणार, हे धरूनच चला. पण खर्ज वाजवीपेक्षा पुढे आहे का, जवारी दबली आहे का, हे तुम्हाला दोन मिनिटांत कळेल. स्पीकर सहा इंच पुढे घ्या, पुन्हा ऐका. असे करत एखादी दुपार घालवा. माझ्या मते संगीत ऐकणाऱ्याने सामानावर एक रुपयाही खर्च करण्याआधी हे करायला हवे.

आता भाच्याचा मान राखू. त्याच्याजवळ किंवा त्याच्या मित्राजवळ महागडा डॅक असेल तर एका रविवारी घरी आणायला सांगा. सीडी प्लेअरच्या मागे डिजिटल आऊटपुट असेल, गोल कोअॅक्शियल किंवा चौकोनी ऑप्टिकल. त्यातून डॅकला वायर द्या आणि डॅकमधून अँप्लिफायरच्या ऑक्स इनपुटला. सीडी प्लेअरची नेहमीची लाल-पांढरी वायर सीडी इनपुटलाच राहू द्या. आता एकच सीडी दोन्ही वाटांनी वाजते आहे आणि अँप्लिफायरची सिलेक्टरची कळ फिरवून तुम्ही क्षणात इकडून तिकडे जाऊ शकता.

पण दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. ही पायरी चुकली की सगळी तुलना वाया जाते. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, आवाज वाढला की ते पुढे येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवले आहे. म्हणून दोन सारख्याच गोष्टींपैकी जी किंचित मोठ्याने वाजते ती आपल्याला "जास्त भरदार, जास्त मोकळी" वाटते. मोठ्याने आहे असे मात्र जाणवत नाही. दुकानात डॅक बदलल्यावर पडदा बाजूला झाल्यासारखे वाटते त्यातले बरेचसे इथून येते, कारण अनेक डॅकचे आऊटपुट सीडी प्लेअरच्या नेहमीच्या २ व्होल्टपेक्षा जास्त असते. भाच्याला सीडीवर २०० हर्ट्झचा सलग सूर घालून आणायला सांगा. हलक्या आवाजात तो लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज पाहायचे. दोन्ही वाटांचे आकडे एक टक्क्याच्या आत जुळेपर्यंत डॅकचा व्हॉल्यूम कमी-जास्त करायचा. मोजताना मल्टिमीटरच्या दोन सुया एकमेकींना लागू देऊ नका, नाहीतर अँप्लिफायरला इजा होते.

मग तुम्ही सिलेक्टरकडे पाठ करून बसा. भाच्याने दर वेळी नाणे उडवून कुठली वाट लावायची ते ठरवावे आणि कागदावर लिहावे. तुम्ही फक्त "डॅक" किंवा "प्लेअर" म्हणायचे. असे १६ वेळा. नुसत्या अंदाजाने आठ-नऊ बरोबर येतात. १२ किंवा त्याहून जास्त बरोबर आले, तर फरक तुम्हाला खरोखर ऐकू येतो असे मानायला मी तयार आहे, आणि मग पैसे कुठे घालायचे हा सर्वस्वी तुमचा आनंद.

असे प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाले आहेत. अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी हाय-रिझोल्यूशन, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या, रेकॉर्डिंगच्या वाटेत मुद्दाम सीडीच्या दर्जाचा, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचा अडसर घातला आणि तो कधी आहे, कधी नाही, हे लोकांना ओळखायला लावले. २००७ मध्ये त्यांनी निकाल छापला : ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर, म्हणजे नाणे उडवल्याइतकी. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये जोशुआ राइस या संशोधकाने अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले. तेव्हा बरोबर उत्तरे ५२ टक्क्यांच्या थोडी वर निघाली आणि आधी कान तयार केलेल्या श्रोत्यांची ६०च्या आसपास. म्हणजे फरक असला तर तो अगदी काठावरचा. शोकेसच्या खणामुळे होणारा फरक शेजारच्या खोलीतूनही कळतो.

काही डॅक मात्र खरोखर वेगळे वाजतात. नॉन-ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे मधले जादा आकडे न घालणारा, असा एक प्रकार आहे. त्याच्या रचनेतच २० हजार हर्ट्झला सुमारे ३ डेसिबलची घसरण असते आणि त्यामुळे आवाज जरा मऊ वाटतो. काहींना तो फार आवडतो. तुमच्या तक्रारीसाठी तो उलटाच पडेल, कारण तुम्हाला वरचा भाग उघडायला हवा आहे.

रेकॉर्डिंगबद्दलही एक शब्द. तुम्ही लिहिता की अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे सर्वांत जास्त ऐकता. मिरजेच्या शेजारी राहून ते साहजिकच. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या सगळ्या ध्वनिमुद्रिका ७८ आरपीएमच्या, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्या मुद्रिकांवर वरचे सूर मुळातच फारसे नाहीत, खरखर मात्र भरपूर आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तिथे फरक पडतो तो मूळ मुद्रिकेची प्रत किती स्वच्छ होती आणि ती उतरवताना कोणी किती काळजी घेतली याचा. एकाच गाण्याच्या दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आवृत्त्या मिळवून ऐका. एकीत खरखर काढायच्या नादात आवाजाची धारही काढून टाकलेली सापडेल, दुसरीत खरखर असूनही गळा समोर येईल. मी खरखरवाली घेतो.

आता लॅपटॉप. इथे तक्रार खरी आहे. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून अनेकदा १ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी मिळते, तर सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. म्हणून व्हॉल्यूम वर न्यावा लागतो, आणि गाण्याबरोबर घरघरही तेवढीच वर येते. ती घरघर कुठली हे आधी शोधा. गाणे बंद ठेवून व्हॉल्यूम नेहमीच्या जागी आणा आणि चार्जर काढा. घरघर गेली, तर ती चार्जर आणि अँप्लिफायर यांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहाची. चार्जर काढूनही माऊस हलवला किंवा पान सरकवले की चिरचिर येत असेल, तर ती लॅपटॉपच्या आतल्या सर्किटची.

आतल्या चिरचिरीवर बाहेरचा यूएसबी डॅक हा नेमका इलाज, कारण आकड्यांचे व्होल्टेज करण्याचे नाजूक काम त्या गजबजाटातून बाहेर येते. अर्थिंगच्या घरघरीवर मात्र यूएसबी डॅक पुरेलच असे नाही. यूएसबीच्या वायरीतही अर्थची तार असतेच, ती त्याच वाटेने पुढे जाते. २ व्होल्टमुळे व्हॉल्यूम खाली येईल आणि घरघर बरीच कमी होईल, तरी उरली तर गाणे ऐकताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा. कोणी चार्जरच्या किंवा अँप्लिफायरच्या प्लगची जाड अर्थिंगची पिन कापायला सांगेल. घरघर थांबतेही, पण ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. तिला हात लावू देऊ नका. बाजारात ही घरघर अडवणारे दोन-तीनशे रुपयांचे ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतात, त्यांतले स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालचे सूर बिघडवतात, म्हणून ते शेवटचा उपाय.

विकत घ्यायचा तो डॅक असा पाहा : मागे लाल-पांढरी दोन आरसीए सॉकेट, आऊटपुट २ व्होल्ट, आणि यूएसबीबरोबर ऑप्टिकल इनपुटही. म्हणजे लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही एकाच पेटीत येतील. असा डॅक ८ ते १५ हजारांत मिळतो. ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ, अमुक नावाची चिप, याकडे लक्ष देऊ नका. वॉरंटी भारतातली आहे का आणि पसंत न पडल्यास परत घेतील का, हे मात्र लेखी घ्या. जोडल्यावर लॅपटॉपचा व्हॉल्यूम पूर्ण वर ठेवा आणि आवाज अँप्लिफायरच्याच कळीने कमी-जास्त करा.

स्टँड, गालिचा आणि हा डॅक धरून तुमचे निम्मे पैसे उरतील. ते स्पीकरसाठी राखून ठेवा, पण लगेच खर्च करू नका. शोकेसमधून बाहेर आल्यावर हेच स्पीकर महिनाभर ऐका. तरी समाधान झाले नाही तर आपल्या दोन सीडी घेऊन पुण्या-मुंबईच्या दुकानात जा, आणि घरी नेऊन ऐकू देणाऱ्या दुकानालाच पैसे द्या.

टीव्ही ऑप्टिकल वायरीने डॅकला जोडा. ही वायर काचेसारख्या प्लास्टिकची असते, तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, म्हणून डिशच्या किंवा केबलच्या अर्थिंगची घरघर तिच्यातून येत नाही. वायरीच्या टोकाची छोटी टोपी काढायला विसरू नका, आणि ती फार मुडपू नका. जोडूनही आवाज आला नाही तर डॅक खराब समजू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये साउंड, मग डिजिटल ऑडिओ आऊटपुट इथे जा. तिथे ऑटो किंवा डॉल्बी डिजिटल असेल. स्टिरिओ डॅकला ते कळत नाही. तिथे पीसीएम निवडा, आवाज सुरू होईल. बहुतेक टीव्हींचा रिमोट या वाटेने जाणारा आवाज कमी-जास्त करत नाही, तेव्हा अँप्लिफायरचा रिमोट शोधून ठेवा.